‘32 बोअर’ दोन, काडतुसं वेगळी! पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये का घालू नये, आणि अमेरिकेनं ते कसं चालवलं

गुन्ह्याच्या बातमीत एक ओळ ठरलेली असते. ‘गावठी बनावटीचे पिस्तूल व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ दुसऱ्या दिवशी दुसरीकडे त्याच वस्तूला रिव्हॉल्व्हर म्हटलेलं असतं आणि पारावर मोबाईल वाचणारा त्यालाच ‘घोडा’ म्हणतो. वाचणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण ज्यांच्या घरात परवान्याचं हत्यार आहे त्यांच्यासाठी पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यातला फरक नुसता नावाचा नाही. चुकीचं काडतूस भरलं तर हाताची बोटं जाऊ शकतात.

घोळ होतो तो ‘32 बोअर’ या शब्दामुळे. आपल्याकडे स्वसंरक्षणाच्या परवान्यावर जी छोटी हत्यारं घेतली जातात, त्यात 32 बोअरचं रिव्हॉल्व्हर आणि 32 बोअरचं पिस्तूल ही दोन्ही असतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर 2014 साली महिलांसाठी म्हणून बाजारात आलं तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली होती. ते 32 चं. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्याचं ‘अशनी’ हे पिस्तूल, तेही 32 चंच. परवान्यावर 32, हत्यारावर 32, काडतुसाच्या डब्यावरही 32. मग माणूस म्हणतो, आकडा एकच आहे ना, मग माल एकच.

माल एक नाही. रिव्हॉल्व्हरचं काडतूस ‘.32 स्मिथ अँड वेसन लाँग’ या नावाचं आणि पिस्तुलाचं ‘.32 एसीपी’. एसीपी म्हणजे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल. पहिलं 1896 सालातलं, दुसरं 1899 सालातलं. दोन्ही अमेरिकन डोक्यातून निघालेली. त्यात आणखी भर म्हणजे मिलिमीटरमध्ये सांगायचं झालं तर दोघांनाही 7.65 एमएमच म्हणतात. पोलिसांच्या पत्रकात ‘7.65 एमएम’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्यावरून काडतूस नेमकं कुठलं हे कळत नाही.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. दुकानात जाऊन नुसता ‘अर्ध्या इंचाचा बोल्ट द्या’ म्हटलं तर हुशार दुकानदार आधी विचारतो, आटे कुठले? जाडी तीच, पण आटे वेगळे असले तर नट दोन फेरे बसतो आणि मग अडकतो. तरी पान्याने जोर लावला की आटे जातात. काडतुसाचं तसंच आहे. फक्त इथं आटे गेले तर नवा बोल्ट आणून भागत नाही.

काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे

बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो. प्रत्यक्षात काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात ठोका बसताच पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी दाबून बसवलेली शिशाची किंवा तांब्याच्या पत्र्यात मढवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, दारू पेटते, वायूचा दाब तयार होतो आणि गोळी नळीतून पुढे जाते. पुंगळी मागेच राहते. ती काढून टाकायची आणि नवं काडतूस भरायचं.

यात पुंगळीचं काम दुर्लक्षित राहतं. पितळ तसं पातळच. दाब आला की पुंगळी फुगते आणि भोवतीच्या पोलादी भिंतीला चिकटते. खरी ताकद त्या भिंतीची. ज्या घरात काडतूस बसतं ते घर नीट मापाचं नसेल, पुंगळीला मागून किंवा बाजूने आधार नसेल, तर पितळ फाटतं आणि तापलेला वायू सुटतो तो थेट धरणाऱ्याच्या हाताकडे, तोंडाकडे. गावठी कट्टा हातातच फुटल्याच्या बातम्या येतात त्याचं मोठं कारण हेच. त्याचं घर मापात कापलेलं नसतं आणि पोलाद कुठलं याचा पत्ता नसतो.

आता मुद्द्याची गोष्ट. काडतूस घरात किती खोल जायला हवं हे कोण ठरवतं? जास्त आत गेलं तर ठोका टोपीपर्यंत पोचत नाही आणि नुसता ‘टक्’ आवाज होतो. मागे उरलं तर चकरी फिरत नाही. मागे मोकळी जागा राहिली आणि तरीही बार झाला तर पुंगळी मागे आपटते, ताणली जाते, कधी फाटते. त्यामुळे काडतुसाला ठरलेल्या जागी थांबवणारं काहीतरी लागतं.

रिव्हॉल्व्हरमध्ये ते काम किनार करते. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, तीच ही किनार. फळीला भोक पाडलं आणि त्यात खिळा सोडला तर खिळा डोक्याशी थांबतो. डोकं नसलेला खिळा पलीकडे पडतो. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चकरीत पाच-सहा भोकं असतात, त्या प्रत्येकात काडतूस असंच डोक्यावर लटकतं. बार झाल्यावर चकरी बाजूला काढून दांडा दाबला की चांदणीसारखी एक पट्टी सगळ्या पुंगळ्यांच्या किनारी धरून त्यांना एकदम बाहेर ढकलते. म्हणजे किनारीची कामं दोन. काडतूस जागेवर थांबवायचं आणि रिकामी पुंगळी बाहेर काढायची. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसालाही अशीच किनार असते, ती पुष्कळांनी पाहिलेली आहे.

पिस्तुलात चकरी नसते. मुठीत मॅगझीन असतं, त्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलत असते. एक बार झाला की वरचा भाग मागे जातो, रिकामी पुंगळी फेकतो आणि पुढे येताना मॅगझीनमधलं वरचं काडतूस नळीत ढकलतो. इथं किनार असली तर ती खालच्या काडतुसाच्या किनारीत अडकते. म्हणून पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली किनार ठेवली नाही. त्याऐवजी बुडाजवळ आत कोरलेली खाच असते आणि पिस्तुलातला आकडा त्या खाचेत बसून पुंगळी ओढून काढतो. बूड आणि अंग जवळपास एकाच जाडीचं. ते घरात थांबतं पुंगळीच्या तोंडावर. घराच्या आत एक बारीक पायरी कापलेली असते, तिथं पुंगळीचं तोंड टेकतं.

किनारीचं काडतूस मागून लटकतं, बिनकिनारीचं पुढून टेकतं. सगळा फरक एवढाच आहे आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अमेरिकेच्या सैन्यानं काय केलं

मग पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये चालतच नाही का? चालतं. पण त्यासाठी रिव्हॉल्व्हर तसं बनवावं लागतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण पहिल्या महायुद्धातलं आहे.

अमेरिकेच्या सैन्यानं 1911 साली जॉन ब्राउनिंगनं आखलेलं कोल्ट कंपनीचं पिस्तूल स्वीकारलं. त्याचं काडतूस ‘.45 एसीपी’. जाड, जड आणि बिनकिनारीचं. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि लाखोंच्या सैन्याला पुरतील एवढी पिस्तुलं नाहीत हे उघड झालं. कारखाने रात्रंदिवस चालवले तरी पुरवठा पडेना.

त्याच वेळी कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांकडे मोठ्या अंगाची रिव्हॉल्व्हरं बनवायची यंत्रं तयार होती. ब्रिटिशांसाठी ते .455 मापाची रिव्हॉल्व्हरं बनवतच होते. सैन्यानं सांगितलं, हीच रिव्हॉल्व्हरं आम्हाला द्या, पण काडतूस आमच्या पिस्तुलाचं चाललं पाहिजे. मागणी रास्त होती. आघाडीवर एका शिपायाकडे पिस्तूल, दुसऱ्याकडे रिव्हॉल्व्हर आणि दोघांची काडतुसं वेगळी, असं झालं तर पुरवठ्याचा बट्ट्याबोळ होतो. चुकीची पेटी चुकीच्या खंदकात गेली की हत्यार असून नसल्यासारखं.

अडचण मात्र किनारीची. .45 एसीपी रिव्हॉल्व्हरच्या चकरीत टाकलं तर लटकायला डोकं नाही आणि बार झाल्यावर चांदणीला धरायलाही काही नाही.

उपाय निघाला तो अगदी साधा. स्मिथ अँड वेसनच्या जोसेफ वेसननं पोलादी पत्र्याची अर्धचंद्राच्या आकाराची एक पट्टी काढली. तिला तीन खाचे. एकेका खाचेत एकेक काडतूस, त्याच्या बुडाजवळच्या कोरीव भागाला धरून, टचकन बसतं. अशा दोन पट्ट्या चकरीत टाकल्या की सहा काडतुसं भरली. पट्टी चकरीच्या पाठीवर टेकते म्हणजे काडतूस आत जात नाही. चांदणी पट्टीला ढकलते म्हणजे तीन पुंगळ्या एकदम बाहेर येतात. किनारीची दोन्ही कामं त्या पट्टीनं केली. पट्टी मावावी म्हणून चकरी मागच्या बाजूनं थोडी आखूड ठेवली. इंग्रजीत या पट्टीला ‘हाफ मून क्लिप’ म्हणतात. सैन्याच्या सांगण्यावरून कोल्टलाही ती वापरू दिली गेली.

या रिव्हॉल्व्हरला नाव पडलं एम 1917. दोन्ही कंपन्यांची मिळून सुमारे 3 लाख बनली.

दोन कंपन्यांच्या कामात एक फरक होता आणि तो समजला की सगळं प्रकरण समजतं. स्मिथ अँड वेसननं चकरीच्या प्रत्येक घरात आत पायरी कापली होती. म्हणजे पट्टी हरवली तरी पुंगळीचं तोंड पायरीवर टेकायचं आणि बार व्हायचा. कोल्टच्या सुरुवातीच्या मालात घरं आरपार सरळ होती. पट्टी नसेल तर काडतूस पुढे सरकायचं आणि ठोका पोचायचाच नाही. पुढे कोल्टनंही पायरी कापायला सुरुवात केली. पण पायरी असली तरी पट्टीशिवाय बार केल्यावर पुंगळ्या चांदणीला सापडत नसत. एकेक पुंगळी काडीनं नाहीतर पेन्सिलीनं पुढून ढोसून काढावी लागे. समोरून शत्रू येत असताना पेन्सिल शोधणाऱ्या शिपायाची अवस्था काय होत असेल ती ज्याची त्यानं कल्पना करावी.

युद्ध संपल्यावर ही रिव्हॉल्व्हरं मोठ्या संख्येनं लोकांकडे गेली. पट्टीत काडतुसं बसवणं आणि काढणं हे किचकट काम, ते लोकांना नको होतं. म्हणून 1920 साली पीटर्स या काडतूस कंपनीनं ‘.45 ऑटो रिम’ नावाचं काडतूस काढलं. तेच .45, फक्त पुंगळीलाच किनार, आणि ती किनारही नेहमीपेक्षा जाड. जाड का? तर पट्टीसाठी चकरीच्या मागे जी फट ठेवली होती ती भरून निघावी म्हणून. पूर्वी काडतुसासाठी रिव्हॉल्व्हर बदललं होतं, आता त्या रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस बदललं. 1937 मध्ये ब्राझीलनंही याच घडणीच्या 25 हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी स्मिथ अँड वेसनकडे नोंदवली आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यानं जुनी एम 1917 पुन्हा बाहेर काढली.

पुढचे प्रयोग

पुढे अर्ध्या चंद्राचा पूर्ण चंद्र झाला. म्हणजे सहाही काडतुसं एकाच गोल पट्टीत. नेमबाजीच्या स्पर्धांत त्याचा मोठा फायदा झाला, कारण एका झटक्यात पूर्ण चकरी भरते. अमेरिकेचा नेमबाज जेरी मिक्युलेक यानं 1999 साली .45 एसीपीच्या सहा बारी रिव्हॉल्व्हरमधून सहा बार, मग पुन्हा भरून आणखी सहा, असे बारा बार 2.99 सेकंदात केले. ते असल्याच गोल पट्टीमुळे शक्य झालं. तोटा एकच. पट्टी जरा वाकली तर चकरी घासते, अडते. त्यामुळे पट्ट्या खिशात मोकळ्या टाकून हिंडणं परवडत नाही.

रुगर कंपनीनं वेगळी वाट धरली. त्यांच्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरसोबत दोन चकऱ्या मिळतात. एक .357 मॅग्नम या किनारीच्या काडतुसाची, दुसरी 9 एमएम पिस्तुलाच्या काडतुसाची. दोन्ही गोळ्यांच्या जाडीत फरक फक्त इंचाच्या दोन हजारांश भागाचा, त्यामुळे नळी एकच चालते. पुंगळी काढायचाही प्रश्न नाही, कारण या जुन्या घाटाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चांदणी नसतेच. एक दांडा एकेका घरात पुढून घालून पुंगळी मागे ढकलतात. दांडा पुंगळीला आतून ढकलतो, त्याला किनार लागतच नाही. चकरी बदलायची, बस्स. ट्रॅक्टरला नांगर काढून रोटाव्हेटर जोडावा तसं. पण हेही लक्षात घ्यावं की ती दुसरी चकरी कारखान्यातच त्या रिव्हॉल्व्हरला बसवून तपासलेली असते. एकाची चकरी दुसऱ्याला चालेलच असं नाही.

स्मिथ अँड वेसननं 1980 च्या दशकात 547 नावाचं 9 एमएमचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्यात पट्टी नको म्हणून चांदणीतच बारीक स्प्रिंगची बोटं बसवली, ती काडतुसाच्या खाचेत शिरून पुंगळी धरत. काम सुरेख होतं पण बनवायला किचकट आणि महाग. ते फार वर्षं टिकलं नाही. चार्टर आर्म्स या कंपनीनं पुढे पिटबुल या रिव्हॉल्व्हरमध्ये जवळपास तीच कल्पना स्वस्तात आणली.

एवढी धडपड कशासाठी? कारण अमेरिकेत 9 एमएम आणि .45 एसीपी ही काडतुसं मुबलक मिळतात आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर दोन्ही बाळगणाऱ्याला एकच डबा पुरतो. तरी एक दुखणं राहतंच. पिस्तुलाच्या काडतुसात गोळी पुंगळीच्या तोंडात फार आवळून बसवता येत नाही, कारण त्याच तोंडावर काडतूस टेकायचं असतं. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये बाराचा धक्का जोरात बसतो. पुंगळी मागे झटकली जाते आणि चकरीतल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात. एखादी गोळी चकरीच्या बाहेर डोकावली की चकरी फिरायची थांबते. ऐन वेळी हत्यार बंद.

आता आपलं 32

अमेरिकेत चालतं म्हणजे आपल्याकडेही चालेल, असं या सगळ्यावरून समजायचं नाही. वरची सगळी रिव्हॉल्व्हरं पिस्तुलाच्या काडतुसासाठीच कारखान्यात बनवलेली आहेत. आपल्याकडचं 32 चं रिव्हॉल्व्हर हे .32 स्मिथ अँड वेसन लाँगसाठी बनवलेलं आहे. त्यात एसीपीसाठी ना पट्टीची सोय ना पायरी.

आणि इथं एक फसवी गोष्ट आहे. .45 एसीपी किनारीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये टाकलं तर ते निदान सरकून आत तरी जातं, माणसाला लगेच कळतं की काहीतरी चुकलं. .32 एसीपी तसं नाही. ते पूर्ण बिनकिनारीचं नाही, त्याला अगदी थोडी, नखाएवढीही नसलेली किनार आहे. पुंगळीचं अंग साधारण 8.55 एमएम आणि बूड 9.1 एमएम. म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव मिलिमीटरच्या आसपास. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं अंगही तेवढंच जाड, पण बूड 9.5 एमएम. त्यामुळे पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात टाकलं तर ते अंगानं बसतं आणि त्या पाव मिलिमीटरवर अडकूनही राहू शकतं. बघणाऱ्याला वाटतं, बसलं की!

बसलं म्हणजे चाललं असं नाही. एक तर लांबी वेगळी. रिव्हॉल्व्हरची पुंगळी साधारण 23 एमएम लांब, पिस्तुलाची 17 एमएम. दुसरं म्हणजे किनारीचा आधार जेमतेम आणि जुनं, झिजलेलं हत्यार असेल तर तोही भरवशाचा नाही. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट, ती म्हणजे दाब. अमेरिकेच्या काडतूस उद्योगानं ठरवलेल्या मर्यादेप्रमाणे .32 स्मिथ अँड वेसन लाँगचा कमाल दाब 15,000 पीएसआय आहे, तर .32 एसीपीचा 20,500. गाडीच्या चाकात आपण 30-35 पीएसआय हवा भरतो, यावरून आकड्यांचा अंदाज यावा. दिसायला काडतूस छोटं, पण दाब तिपटीला थोडा कमी नव्हे तर सरळ एक-तृतीयांशानं जास्त. ज्या चकरीच्या भिंती 15,000 च्या हिशोबानं आखल्यात तिथं तो दाब रोज द्यायचा म्हणजे तडा कधी जाईल एवढाच प्रश्न उरतो. पहिल्या बाराला काही झालं नाही, दुसऱ्याला झालं नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पोलादाला पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही.

उलट बाजूनं धोका कमी आहे. रिव्हॉल्व्हरचं लांब काडतूस पिस्तुलाच्या मॅगझीनमध्ये मावतच नाही. पूर्ण काडतूस 32 एमएमच्या पुढे जातं, तर एसीपी 25 एमएमचं. शिवाय किनार आड येते. तिथं लांबीच राखण करते.

काडतूस ओळखायचं कसं? डब्यावर नुसतं 32 न बघता पुढची अक्षरं वाचायची. रिव्हॉल्व्हरचं असेल तर लाँग किंवा एस अँड डब्ल्यू एल असा उल्लेख असतो, मिलिमीटरमध्ये 7.65 बाय 23 असतं. पिस्तुलाचं असेल तर एसीपी किंवा 7.65 बाय 17. डबा नसेल तर काडतूस उलटं करून बूड बघायचं. कारखान्याची खूण तिथं ठोकलेली असते. पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची खूण ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं. हा कारखाना 1869 पासूनचा. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावलाही सरकारी कारखाना आहे, पण तिथलं मुख्य काम सैन्याच्या रायफलींच्या काडतुसांचं. बुडावरची अक्षरं पुसट असतील, पितळ हिरवं पडलं असेल, तर ते काडतूस भरायचंच नाही. घासून चकचकीत करायच्या भानगडीतही पडू नये. ते परवानाधारक शस्त्र विक्रेत्याला दाखवावं.

कायदा काय म्हणतो

परवान्याच्या पुस्तिकेवर हत्याराचा प्रकार, बोअर आणि नंबर असतो, तसंच काडतुसं एका वेळी किती बाळगायची आणि वर्षाला किती घ्यायची हेही लिहिलेलं असतं. ज्या हत्याराचा परवाना त्याचीच काडतुसं. रिव्हॉल्व्हरचा परवाना असताना घरात पिस्तुलाची काडतुसं सापडली तर ‘दोन्ही 32 च आहेत साहेब’ हे उत्तर चालत नाही. विनापरवाना काडतूस बाळगणं हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हाच आहे, मग सोबत हत्यार असो वा नसो. 9 एमएम तर सामान्य परवान्यावर मिळतच नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं.

कुणी लेथवाला म्हणेल, ‘आणा इकडे, चकरी थोडी घासून देतो, दोन्ही चालतील.’ त्याला नमस्कार करून घरी यावं. हत्याराची दुरुस्ती करायलाही वेगळा परवाना लागतो आणि एका प्रकारचं हत्यार दुसऱ्या प्रकारात बदलणं हे कलम 6 मध्ये येतं. 2019 च्या दुरुस्तीनं ते आणखी स्पष्ट केलंय. त्याच दुरुस्तीत एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं असं झालं, हे बहुतेक परवानाधारकांना माहीत आहे.

घोळ सगळ्यात जास्त होतो तो वडिलोपार्जित हत्याराच्या बाबतीत. घरातला परवानाधारक माणूस जातो, कपाटात हत्यार राहतं आणि सोबत दोन-तीन जुने डबे. कुठलं काडतूस कुठल्या काळातलं, कुठल्या हत्याराचं, कुणाला ठाऊक नसतं. पोरं कुतूहलानं एकेक काडतूस चकरीत बसतंय का बघतात. वरचं सगळं वाचल्यावर यात काय धोका आहे ते वेगळं सांगायला नको. अशा वेळी हत्यार आणि सगळी काडतुसं, डब्यातली सुटी एकदोनसुद्धा, विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. कलम 21 तेच सांगतं. जमा केल्याची पावती घ्यायची. आचारसंहितेच्या काळात हत्यार जमा करताना मिळते तशीच पावती. मग वारसानं आपल्या नावावर परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. परवाना मिळाला तर हत्यार परत मिळतं, नाही मिळाला तर परवाना असलेल्या दुसऱ्याला किंवा विक्रेत्याला ते रीतसर विकता येतं. जुनी काडतुसं मात्र परत मागायच्या फंदात न पडता नव्या परवान्यावर, त्याच हत्याराच्या नावाची, नवीन घ्यावीत. घेताना विक्रेत्यासमोर परवान्याची पुस्तिका उघडून धरावी आणि पावतीवर नुसतं ‘32’ न लिहिता पूर्ण नाव लिहून घ्यावं.